बाल्साचा पहिला पंख: पीळ मिशीला असावा, पंखाला नको

माझा पहिला पंख, म्हणजे बाल्सा या हलक्या लाकडाच्या, रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा, आषाढात तयार झाला. रात्री टाचण्या काढल्या तेव्हा पट्टीसारखा सरळ होता. सकाळी पाहिलं तर वाळत घातलेल्या पापडासारखा वळला होता. एवढ्यानं काय होतंय, म्हणून तसाच उडवला. हातातून सुटल्यापासून विमान डावीकडंच वळत राहिलं. रडर, म्हणजे शेपटीवरचं वळवायचं पातं, उजवीकडं पूर्ण दाबला तरी ऐकेना, आणि शेवटी कोल्हापूरजवळ कळंब्याच्या पुढं एका उसाच्या फडात शिरलं. डोक्यापेक्षा उंच उसात सव्वा मीटरचं विमान शोधणं काय असतं, ते ज्यानं शोधलंय त्यालाच ठाऊक. पानांनी दोन्ही हात सोलून निघाले.

तेव्हा मी उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपमध्ये काम शिकत होतो. फाउंड्रीत ओतकामासाठी आधी लाकडी नग करतात, तो विभाग. आमच्या मेस्त्रींनी तो पंख हातात घेतला, टोकाकडून एक डोळा मिटून पाहिला आणि म्हणाले, "मोडला आसता तर परवडला आसता. ह्यो पिळलाय. पट्टी लाव, उजेड बघ, मग गोंद लाव." पुढं जे लिहिलंय ते बरंचसं या एका वाक्याचाच विस्तार आहे.

पहिल्यांदा करणाऱ्यासाठी मी एकच माप सुचवतो. लांबी टोकापासून टोकापर्यंत १२०० मिमी, रुंदी सगळीकडं सारखी २०० मिमी. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पाती, नाहीत, वळायचं काम रडरवर. सगळं मिळून ६५० ते ७०० ग्रॅमचं विमान हा पंख आरामात उचलतो. टोकाकडं निमुळता होणारा पंख दिसायला देखणा, पण त्यात प्रत्येक रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, वेगळ्या मापाची लागते. ते दुसऱ्या विमानाला करा.

पंखाचा आडवा छेद क्लार्क वाय घ्या. व्हर्जिनियस क्लार्क यांनी तो १९२२ मध्ये आखला. १९२७ मध्ये लिंडबर्ग एकट्यानं अटलांटिक ओलांडून पॅरिसला गेला, त्या विमानाच्या पंखाचा छेदही हाच. आपल्याला त्याचं कौतुक वेगळ्या कारणासाठी: पुढच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यानंतर त्याची खालची बाजू सपाट असते, त्यामुळं पंख फळीवर निवांत बसतो. जाडी रुंदीच्या ११.७ टक्के, म्हणजे आपल्या २०० मिमीला जेमतेम साडेतेवीस मिमी.

लाकूड निवडताना

बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतं. कोल्हापुरात ते किराणा दुकानात मिळण्यासारखं नाही, बहुतेकांना मागवावंच लागतं. मागवताना 'हलकं', 'मध्यम', 'कडक' असं विचारता येतं, पण खात्री फक्त काट्यावर होते. २ मिमी जाडीची १०० मिमी रुंद आणि १००० मिमी लांब फळी घ्या. ती २० ग्रॅम भरली तर फार हलकी, ३० ते ३५ भरली तर मध्यम, ४५ च्या पुढं गेली तर कडक. एकाच गठ्ठ्यात दुपटीचा फरक निघतो. दहाव्या हिश्श्यापर्यंत ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. गुजरीतल्या सराफासारखं तोलायला लागलात की घरचे हसतील, हसू द्या.

वजनानंतर रेषा पाहायच्या. काही फळ्यांवर माशाच्या खवल्यासारखे चमकदार ठिपके दिसतात. ती फळी आडवी वाकत नाही, वाकवली तर चिरते. रिब्जना हीच हवी. ज्या फळीवर नुसत्या लांब रेषा असतात आणि जी आडवी सहज गोल होते, ती पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवायला ठेवा. हे उलटं झालं तर रिब्ज लेच्यापेच्या होतात आणि पुढचं आवरण चढवताना तडकतं.

स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्यासाठी, ६ × ६ मिमीच्या कडक पट्ट्या. चार पट्ट्या एकाच टोकाला धरून टेबलाच्या कडेबाहेर सारख्या लांबीनं काढा आणि कोणती किती झुकते ते बघा. सारख्या झुकणाऱ्यांची जोडी लावा: दोन वरचे स्पार एका जातीचे, दोन खालचे एका जातीचे. डावा पंख मऊ आणि उजवा ताठ असं झालं, तर वेगात दोन्ही वेगवेगळे वाकतात.

बाकी यादी छोटी आहे. पुढच्या कडेला १० × १० मिमीची पट्टी, मागच्या कडेला २५ × ६ मिमीची तिरकी तासलेली तयार पट्टी, १.५ मिमीची एक-दोन फळी, थोडं ३ मिमी प्लायवूड, सायनो (झटपट धरणारा सुपरग्लू), पांढरा गोंद, दोन नळ्यांचं इपॉक्सी, इस्त्रीनं चिकटणारी फिल्म, आणि टाचण्या. टाचण्या भरपूर.

फळी, म्हणजे ज्यावर पंख बांधायचा ती

इथं जितका वेळ घालवाल तितका थोडाच. पंख सरळ होतो तो फळी सरळ असते म्हणून, तुमचा हात सरळ असतो म्हणून नव्हे. स्वयंपाकघरातला कडाप्पा सपाट असतो, पण त्यात टाचणी जात नाही. म्हणून खाली कडाप्पा किंवा जुना फ्लश डोअर, आणि वर सॉफ्टबोर्ड, ज्यावर कार्यालयात नोटिसा टोचतात तो. एक मीटरची पोलादी पट्टी त्यावर उभी धरा, पलीकडून मोबाईलचा दिवा लावा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत. पट्टीखालून उजेड आला तर तिथं कागदाची घडी सरकवा आणि पुन्हा बघा. आमच्या मेस्त्रींचा अर्धा दिवस यातच जायचा आणि आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारा टाइमपास करतोय.

नकाशा मूळ मापात कागदावर काढून फळीवर चिकटवा. त्यावर प्लास्टिक अंथरा, नाहीतर पंख नकाशासकट निघेल. दुधाच्या पिशव्या धुऊन, उलगडून वापरल्या तर उत्तम. गोंद त्यांना धरत नाही.

रिब्ज

एका अर्ध्या पंखाला ६०० मिमीत दर ६० मिमीवर एक, म्हणजे ११ रिब्ज. दोन्ही मिळून २२. प्रत्येक रिबची लांबी १६५ मिमी, कारण २०० पैकी १० पुढच्या पट्टीनं खाल्ले आणि २५ मागच्या. आता गंमत बघा: १०० × १००० च्या फळीत लांबीत ६ आणि रुंदीत ४ तुकडे बसतात, म्हणजे २४. एका फळीत काम होतं आणि दोन तुकडे चुकायला उरतात. फळी तीन इंची आणि तीन फुटी आली तर दोन लागतील.

रिबच्या रेषा पुढून मागं जाणाऱ्या हव्यात, म्हणजे फळीच्या लांबीला समांतर.

एकेक रिब ब्लेडनं कापत बसू नका. बावीस रिब्ज बावीस तऱ्हेच्या होतात. चप्पल करणारे जसा फर्मा वापरतात तसे दोन फर्मे करून घ्या, ॲल्युमिनियमचे किंवा ३ मिमी प्लायचे. दोन्ही एकत्र धरून कानशीनं जुळवायचे. दोघांनाही ३ मिमी बोल्टसाठी दोन भोकं, एकाच वेळी पाडलेली. मग ११ तुकडे, म्हणजे २२ मिमीची थप्पी, दोन फर्म्यांमध्ये आवळा. आधी ब्लेडनं जादा भाग काढा, मग लाकडी ठोकळ्यावर ताणलेल्या ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं फर्म्यापर्यंत घासा, शेवटी १८० नंबर. स्पारच्या खाचा थप्पी आवळलेली असतानाच पाडा: वर एक, खाली एक, पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिमीवर. करवतीच्या दोन चिरा आणि मध्ये चौकोनी कानस. स्पारचा तुकडा खाचेत बोटानं दाबून बसला पाहिजे. ठोकावा लागला तर घट्ट, पडला तर ढिला.

घासताना तोंडाला मास्क लावा. बाल्साची भुकटी पिठासारखी उडते आणि घशात बसते.

बांधणी

आधी डावा अर्धा. खालचा स्पार नकाशावर ठेवा. टाचण्या त्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या रोवा, लाकडात घुसवू नका, घुसवलेल्या जागीच ते पुढं मोडतं. मागची पट्टी तशीच बसवा. मग एकेक रिब. गुण्या लावून काटकोन पाहायचा, सायनोचा एक थेंब, पुढची रिब. पाऊण तासात अकरा रिब्ज उभ्या राहतात आणि माणसाला वाटतं आपण विमान बांधतोय.

मुळाकडची, म्हणजे मधल्या जोडाजवळची रिब मात्र काटकोनात लावायची नाही. पंखांची टोकं वर उचललेली असणार, त्यामुळं ही रिब वरच्या बाजूला २ मिमी टोकाकडं कललेली हवी. पुठ्ठ्याचा एक तिरका तुकडा कापून ठेवा आणि दोन्ही बाजूंना तोच वापरा.

मग वरचा स्पार, मग पुढची १० × १० ची पट्टी. क्लार्क वायचा पुढचा भाग खालून वर गेलेला असतो, म्हणून ही पट्टी फळीला टेकत नाही. तिच्याखाली सारख्या जाडीच्या चकत्या ठेवून आधार द्या, म्हणजे ती मध्ये झोळ घेणार नाही.

गोंदाबद्दल माझं मत थोडं जुनाट आहे. सायनो झटपट आहे आणि नवख्याला त्याचाच मोह होतो, पण तो चूक सुधारायला वेळ देत नाही. पांढरा गोंद वेळ देतो, मात्र त्यात पाणी असतं. फळीच्या एका बाजूला तो फासला की ती बाजू फुगते आणि फळी वळते. म्हणून मी रिब्ज सायनोनं टाचतो आणि स्पारचे सांधे पांढऱ्या गोंदानं, काडीच्या टोकानं, अगदी थोडा लावून करतो. गोंद बाहेर ओघळला तर तो ताकद नव्हे, वजन आहे.

पीळ कुठून येतो

नुसता दोन स्पार आणि रिब्जचा सांगाडा हातात घेऊन पिळून बघा. दोन बोटांनी पिळतो. वाकायला तो ताठ आहे, पण पिळाला त्याच्याकडं उत्तर नाही. उघड्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं असंच होतं: झाकण चिकटवण्याआधी वेडंवाकडं, चिकटवल्यावर ठाम. पंखाचं झाकण म्हणजे दोन गोष्टी.

पहिली, दोन स्पारच्या मधली भिंत. १.५ मिमी बाल्साचे छोटे तुकडे, प्रत्येक दोन रिब्जमध्ये एक, स्पारच्या मागच्या अंगाला चिकटवलेले. त्यांच्या रेषा उभ्या हव्यात. पंख वर वाकतो तेव्हा वरचा स्पार दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, आणि ही भिंत दोघांना अंतरावर धरून ठेवते. रेषा आडव्या लावल्या तर ती लांबीच्या बाजूनं सुरकुतते आणि काही धरत नाही. हे तुकडे लावायचा कंटाळा येतो, पंधरा-सोळा तुकडे मापून कापायचे म्हटल्यावर येणारच. पण बिनभिंतीचे दोन स्पार म्हणजे मध्ये पायऱ्या नसलेली शिडी.

दुसरी, पुढचं आवरण. पुढच्या कडेपासून स्पारपर्यंत वरच्या बाजूला १.५ मिमीची ती लवचीक फळी चढवायची. खालूनही चढवली तर पुढचा भाग बंद नळीसारखा होतो आणि पीळ जवळजवळ संपतो. वजन १५ ग्रॅमनं वाढतं. पहिल्या पंखाला मी ते खुशाल देतो. फळीच्या बाहेरच्या अंगावर ओला फडका फिरवा, पाच मिनिटं थांबा, हातानं गोल करा, मग चिकटवा आणि टाचण्या-रबरबँडनं आवळा.

आता महत्त्वाचं. भिंती आणि वरचं आवरण लागेपर्यंत पंख फळीवरून उचलायचा नाही. सांगाडा फळीवर असतानाच बंद करायचा, म्हणजे फळीचा सपाटपणा पंखात कायमचा कोंडला जातो. आधी उचलून 'बघू तरी कसा दिसतोय' करत हवेत फिरवून मग भिंती लावल्या, तर त्या क्षणी हातात जो पीळ होता तोच कोंडला जातो. माझं आषाढात हेच झालं होतं, वर पावसाळी हवेची भर.

पावसाळ्याची ती भर कोल्हापुरात धरूनच चाला. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथलं लाकूड पाणी पितं. ते रेषेच्या लांबीत फारसं वाढत नाही, आडवं वाढतं. म्हणून रुंद फळ्या वळतात आणि बारीक पट्ट्या तितक्या वळत नाहीत. फळ्या उभ्या टेकवून ठेवू नका. आडव्या, वर वजन ठेवून, कोरड्या कपाटात ठेवा. त्या दिवसांत गोंद वाळायलाही दुप्पट वेळ द्या. रात्री आठला चिकटवलेलं सकाळी आठपर्यंत फळीवरच राहू दे. दिवाळीनंतर सुरुवात केलीत तर निम्मी भांडणं आपोआप मिटतात.

एक मुद्दाम दिलेला पीळ मात्र हवा असतो. टोकाकडं मागच्या पट्टीखाली ४ मिमीची चकती ठेवा आणि मुळाकडं येईपर्यंत ती शून्यावर आणा. पंखाचं टोक मधल्या भागापेक्षा थोडं कमी कोनात राहतं, त्यामुळं वेग कमी झाला तर आधी मध्य दमतो, म्हणजे उचलणं सोडतो, टोक नंतर. विमान एका अंगावर कोसळण्याऐवजी नाक खाली घालतं. ही चकती दोन्ही पंखांना सारखी, आणि आवरण चढवण्याआधी.

उजवा अर्धा डाव्याची आरशातली नक्कल. नकाशाच्या मागच्या बाजूला तेल लावलं की रेषा आरपार दिसतात, तोच उलटा करून वापरा. दोन डावे पंख बनवणारा मी एकटा नाही, पण आम्ही कुणी ते सांगत नाही.

जोड

प्रत्येक टोक ५० मिमी वर. म्हणजे एक अर्धा फळीवर सपाट दाबला तर दुसऱ्याचं टोक १०० मिमी उचललेलं दिसलं पाहिजे. त्या उंचीचा ठोकळा कापून ठेवा.

सांध्याचा जीव आहे ३ मिमी प्लायच्या पसरट व्ही आकाराच्या पट्टीत. तिची लांबी दोन्हीकडं दोन-दोन खणांइतकी (खण म्हणजे दोन रिब्जमधली जागा), म्हणजे एकूण २४० मिमी, आणि उंची खालच्या स्पारच्या तळापासून वरच्याच्या माथ्यापर्यंत. ती स्पारच्या मागच्या अंगाला बसते, म्हणून तेवढ्या खणांत बाल्साची भिंत लावू नका. पहिल्या दोन रिब्ज तिथं पुढचा-मागचा अशा दोन तुकड्यांत येतात, ते ठीक आहे. इथं इपॉक्सीच, आणि अर्ध्या तासात घट्ट होणारं. पाच मिनिटांचं घेतलंत तर ठोकळा सरळ करेपर्यंत ते दगड होतं. मधल्या खणांना वर-खाली १.५ मिमीचं आवरण द्या, कारण विमानाच्या धडाला बांधणारे रबरबँड तिथंच दाबतात.

सगळं वाळलं की पुढची कडा रंध्यानं आणि पॉलिश पेपरनं गोल करा. इथंही पुठ्ठ्यात छेदाच्या आकाराची खाच कापून फिरवत राहा. टोकदार नाक दिसायला वेगवान दिसतं आणि हळू उडताना दगा देतं.

गुळाची ढेप

फिल्म चढवण्याआधी पंख दोन स्टुलांवर ठेवा, फक्त टोकं टेकतील असा, खाली फडकं. मध्ये किलोची गुळाची ढेप पिशवीतून अडकवा. टोकांवर टेकून मध्ये टांगलेलं एक किलो, पंखभर सारख्या पसरलेल्या दोन किलोंइतकं मधल्या सांध्याला वाकवतं. म्हणजे ७०० ग्रॅमच्या विमानानं आपल्या वजनाच्या जवळपास तिप्पट भार घेऊन वळण घेतल्यासारखं. पंख वाकेल, वाकू दे. कुरकुर आवाज आला तर ढेप काढा, कुठला सांधा उघडतोय ते शोधा आणि गोंद भरा. घरात मोडलेला पंख रात्रीत दुरुस्त होतो.

फिल्म

पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा. साधारणपणे कडा चिकटवायला इस्त्री मंद आणि ताणायला जरा वाढवून. आधी खालची बाजू, मग वरची, म्हणजे वरून पाहताना जोड दिसत नाही आणि हवाही त्यात शिरत नाही. कडांना पक्कं करून मग मधला भाग तापवायचा, वर-खाली आलटून पालटून. एकच बाजू पूर्ण ताणली तर ती पंखाला आपल्याकडं ओढते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं मात्र तापवून पीळ जातो. पंख पुन्हा फळीवर ठेवून कुठलं टोक उचललंय ते बघा. मग हातात घेऊन त्याला उलट दिशेला थोडा जास्तच पिळा, तसाच धरून घरातल्या कुणाला तरी फिल्मवर इस्त्री फिरवायला सांगा, थंड होईपर्यंत सोडू नका. दोन-तीनदा करावं लागतं. दोन्ही टोकांवरची ती ४ मिमी सारखी आली की थांबा.

आता वजन करा. १५० ते १७० ग्रॅमच्या आत बसला तर छान. दोनशेच्या पुढं गेला तर पुढच्या वेळी गोंद कमी. मग मुळाच्या मध्यावर पुढून एक आणि मागून एक बोट लावून पंख उचला. एक टोक सतत खाली जात असेल तर दुसऱ्या टोकाच्या शेवटच्या खणात नाणं किंवा खिळा बसवा. विमान जोडल्यावर तोल पुढच्या कडेपासून ५० ते ६० मिमीवर यायला हवा. पहिल्या दिवशी ५० च्या जवळ ठेवा.

उडवण्याआधी एक गोष्ट. उजळाईवाडीचा विमानतळ आपल्या अगदी उशाशी आहे आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात. आपण उभे आहोत ती जागा कुठल्या रंगाच्या पट्ट्यात आहे हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर बघूनच निघा. सकाळी सातच्या आत वारा शांत असतो. मैदान असं निवडा की वारा येतो त्या बाजूला ऊस नसेल, आणि जातो त्या बाजूला तर नसेलच.